फोनवरचा विसार

वीस इंची रंगीत टीव्ही, रिमोटसकट, फक्त तेराशे नव्व्याण्णव रुपये. नगरच्या पेपरात चौथ्या पानावर खालच्या कोपऱ्यात चौकट करून छापलं होतं. त्याच चौकटीत खाली चौदा इंची ब्लॅक अँड व्हाइट, अठ्ठावीसशे. आता काळा-पांढरा महाग आणि रंगीत त्याच्या निम्म्यात, असं जगाच्या पाठीवर कुठं असतं का? शेंबड्या पोरालाही कळलं असतं की पेपरवाल्याने किमतीतला एक आकडा गिळलाय. पण दसऱ्याच्या आधीच्या रविवारी सकाळी सोनईच्या एसटी स्टँडासमोर, गोरक्षनाथच्या टेलिफोन बूथवर जी सतरा शहाणी माणसं जमली होती, त्यांतल्या एकालाही ते कळून घ्यायचं नव्हतं. कचरूलाही नाही.

"कंपनी बुडाली आसंल. माल काढून टाकत्यात," एकजण म्हणाला.

"न्हाई, सरकारनं टॅक्स उठवला."

"पुरात भिजलेला माल आसंल. वाळवला की चालतोय."

ज्याला जे सुचेल ते कारण त्याने काढलं, आणि प्रत्येक कारणावर माना डोलल्या. जाहिरातीत खाली लिहिलं होतं : फोनवर नाव नोंदवा, नंबर घ्या, दसऱ्याला सकाळी नऊपासून माल घेऊन जा. दुकानाचं नाव सुवर्णतारा टीव्ही सेंटर. कचरू कारखान्यात हंगामी कामगार, चाळिशीचा, स्वभावाने सरळ. त्याच्या तोंडून गेलं, "एकदा भाव इचारून घ्यावा का? बराबर हाय का म्हनून?"

सगळे त्याच्या अंगावर धावून आले.

"येडा हायेस का तू?" सहादेवनाना कडाडले. नाना म्हणजे घोडेगावच्या बैलबाजारातले तीस वर्षांचे दलाल. "इचारलं की ते पेपर बघनार. बघितला की चूक सापडनार. तू फकस्त नाव सांग, नंबर घे आन् फोन ठेव. नंबर दिला म्हंजे इसार पडला. मंग त्याच्या बापाला बी भाव बदलता यायचा न्हाई."

इथेच घोटाळा झाला. घोडेगावच्या बाजारात विसार म्हणजे दगडावरची रेघ. बैलाचा सौदा ठरला, विसाराचे पैसे हातावर पडले, की संपलं. घेणारा फिरला तर विसार बुडाला, विकणारा फिरला तर त्याने दुप्पट भरायचा. या बाजारावर वाढलेल्या माणसांना वाटलं, फोनवरून मिळालेला नंबरही विसारच. एकाने म्हटलं, दुसऱ्याने मान हलवली, आणि पाच मिनिटांत ती गोष्ट कायद्यासारखी पक्की झाली.

रांग लागली. एकेकजण आत जाऊन, रिसीव्हरवर हात धरून, चोरी केल्यासारखं नाव सांगून बाहेर यायचा. कचरूच्या पुढे राधाकृष्णअण्णा उभे होते. सोळा एकर ऊस, पतसंस्थेत संचालक, घरात सहा वर्षांपासून टीव्ही. त्यांनी दोन नंबर घेतले, एक स्वतःचा आणि एक मेहुण्याचा. मग कचरू आत गेला. पलीकडून एक मुलगी घाईघाईने बोलली, "नाव? गाव? बासष्ट. दसऱ्याला या." खट्‌. गोरक्षनाथने फोनचे चार रुपये घेतले. कचरूने बासष्ट हा आकडा विडीच्या पाकिटावर लिहिला आणि खिशात घालून वरून थापटला.

कचरूला टीव्ही का हवा होता, ते सांगायला हवं. हौस म्हणून नव्हे.

त्याची आई विमलबाई. छप्पन साली नागपूरला दीक्षेचा सोहळा झाला तेव्हा वस्तीतली बरीच माणसं रेल्वेने गेली, तिचा नवराही गेला. तिला आठवा महिना होता, पोटात कचरू. तिला कुणी नेलं नाही. तिने दीक्षा पुढे गावातच घेतली, पण नागपूर राहिलं ते राहिलंच. एका वर्षी सासू आजारी, एका वर्षी ऊसतोड, मग नवरा गेला, मग गुडघे गेले. यंदा चाळीस वर्षं भरत होती. दसऱ्याच्या संध्याकाळी बातम्यांत नागपूर दाखवतात, हे तिला ठाऊक होतं, कारण दोन वर्षं ती अण्णांच्या घरी बातम्या बघायला जायची. आत नव्हे. उंबऱ्याच्या अलीकडे पोतं टाकून बसायची. तिला कुणी बाहेर बस म्हटलं नव्हतं, कुणी आत ये असंही म्हटलं नव्हतं.

भादव्यात एका संध्याकाळी कचरू कारखान्यातून येत होता. अण्णांच्या दारात आई पोतं घेऊन उभी होती. अण्णांची बायको गोजरबाई म्हणाली, "आज पाव्हनं हायती, विमलबाई. उद्या या." आणि दार लावलं. जोरात नाही, पण लावलं. आईने पोत्याची घडी घातली आणि चालू लागली. घरी येऊन तिने भाकरी थापल्या. कचरूच्या मात्र तळपायाची आग मस्तकात गेली. त्याने भरल्या घरात शब्द दिला, "आई, ह्या दसऱ्याला तू तुझ्या घरात बसून नागपूर बघशील. पुन्यांदा त्यांच्या दारात जायचं न्हाई."

आणि ते जमतही आलं होतं! गावातल्या गहिनीनाथच्या दुकानात एक चौदा इंची ब्लॅक अँड व्हाइट होता, सव्वीसशेला. कचरूने तीनशे विसार दिला होता, बाकीचे तेवीसशे बोनसमधून जुळवले होते. अँटेना तर आधीच पत्र्यावर चढवून ठेवला होता. फक्त टीव्ही आणायचा बाकी होता. एवढं सगळं हातातोंडाशी आलेलं असताना पेपर आला, आणि या गृहस्थाची मती फिरली.

बूथवरून तो तडक गहिनीनाथकडे गेला. "तुमचा टीव्ही ऱ्हाऊ द्या. माझा इसार परत द्या."

गहिनीनाथ रेडिओ उघडून बसला होता. त्याने मानही वर केली नाही. "इसार परत देत्यात व्हय रं? नको आसंल तर सोड. पन कचरू, ते पेपरात चुकून छापलंय."

"तुमचं गिऱ्हाईक गेलं म्हनून बोलताय."

"बरं," गहिनीनाथ म्हणाला. दुसऱ्याच दिवशी त्याने तो टीव्ही जवळच्या वडाळ्याच्या एका माणसाला विकला. दुकानातला शेवटचा होता.

कचरूची बायको यशोधरा हे ऐकून कपाळाला हात लावून बसली. "अवं, तीनशे रुपये पान्यात घातले? आन् तिकडं टीव्ही न्हाई मिळाला तर?"

"नंबर हाय माझ्याकडं. बासष्ट."

"नंबर काय चाटायचा?"

विमलबाई चुलीपुढे होती. तिने एवढंच विचारलं, "रंगीत म्हंजे निळा झेंडा निळाच दिसंल न्हवं?" कचरू हो म्हणाला. आणि तिथे कचरूचं परतीचं दार बंद झालं.

दसऱ्याला सकाळी सात वाजता टेम्पो निघाला. सतरा माणसं, अठरा टीव्ही येणार म्हणून नानांनी मोठा टेम्पो ठरवला होता. आत उसाचं पाचट अंथरलं होतं, त्यावर घराघरांतून आणलेल्या वाकळा, काचेला धक्का लागू नये म्हणून. पुढे झेंडूचं तोरण. घोडेगाव गेलं, पांढरीपूल गेला, वाटेत चहा झाला, त्यात अण्णांनी सगळ्यांचे पैसे दिले. टीव्ही कुठल्या भिंतीला ठेवायचा, रिमोट कुणाच्या हातात द्यायचा, पोरांना हात लावू द्यायचा की नाही, यावर नगर येईपर्यंत बोलणं चाललं. लग्नाच्या वऱ्हाडात नसेल एवढा आनंद त्या टेम्पोत होता.

दुकानासमोर उतरले आणि सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. दीड-दोनशे माणूस रस्त्यात उभा. दुकानाचं शटर अर्धं खाली, आणि त्यावर पुठ्ठा : *छपाईची चूक. रंगीत टीव्ही रु. १३,९९० असे वाचावे. तसदीबद्दल क्षमस्व.*

"असे वाचावे म्हंजे?" सहादेवनाना ओरडले. "आमी काय वाचायला आलो का हितं?"

मग जो गोंधळ झाला तो विचारू नका. प्रत्येकाच्या हातात कसला तरी कागद आणि त्यावर नंबर. कुणाचा वहीच्या पानावर, कुणाचा एसटीच्या तिकिटामागे, एकाचा तर तळहातावर बॉलपेनने, आठ दिवस हात जपून धुतलेला. कर्जतचा एक मास्तर नंबर पाच घेऊन पायरीवर उभा राहिला आणि ग्राहक मंचात खेचतो म्हणून भाषण करू लागला. संगमनेरहून दोघे भाऊ मोटारसायकलवर आले होते. मास्तरचं ऐकून ते म्हणाले, मंचात जाऊ तेव्हा जाऊ, आधी काच फोडू. त्यांना चौघांनी धरलं.

शटरखालून मालक वाकून बाहेर आला. तिशीचा पोरगा, सफारी घातलेला, घामाने डबडबलेला. "चूक पेपरवाल्यांची आहे, आमची नाही. तरी ज्यांच्याकडे नंबर आहे त्यांना दुकानातर्फे एकेक भेट देतोय." आणि त्याने पिवळी फडकी वाटायला काढली. टीव्हीची काच पुसायची फडकी!

टीव्ही नाही आणि तो पुसायला फडकं. कचरूच्या हातात एक आलं, ते त्याने तिथेच गटारात भिरकावलं.

नाना पुढे सरसावले. "पोरा, इसार मोडलास. दुप्पट भर."

"कसला विसार, मामा? एक रुपया तरी दिला का तुम्ही?"

"नंबर दिला न्हवं तुमच्या पोरीनं? बोलीला काय किंमत हाय का न्हाई?"

"हे दुकान आहे मामा, बैलबाजार नाही." आणि मग तो पोरगा वैतागून सगळ्यांकडे बघत म्हणाला, "आणि खरं सांगा, रंगीत टीव्ही तेराशेला मिळेल असं तुमच्यातल्या एकाला तरी खरंच वाटलं होतं का?"

कुणी कुणाकडे बघेना. कचरूच्या कानशिलात रक्त चढलं. त्याला वाटलं नव्हतं. पहिल्या दिवसापासून त्याला ठाऊक होतं. म्हणूनच तर तो विचारून घ्यावं म्हणाला होता आणि म्हणूनच गप्प बसला होता. या पोराला धरून बडवावं असं त्याला फार वाटलं, आणि बडवायला तोंड नाही हेही त्याच वेळी कळलं. शटरखालून आत वाकून बघितलं तर फोनपाशी एक मुलगी बसली होती, समोर नावांची वही, डोळे रडून लाल. सकाळपासून शिव्या खाऊन तिचा जीव अर्धा झाला असणार. बासष्ट म्हणणारी हीच. तिच्यावर ओरडायचं मनात होतं, तेही राहून गेलं.

दुपारपर्यंत निम्मी माणसं पांगली. कचरूने बाजारपेठेतली तीन दुकानं पालथी घातली. अठ्ठावीसशेच्या खाली काळा-पांढरा कुठेच नव्हता आणि त्याच्या खिशात तेवीसशे होते. सणाच्या दिवशी उधार मागायला ओळख लागते, ती नव्हती. त्या तीनशे रुपयांची आठवण येऊन त्याला स्वतःचंच थोबाड फोडावंसं वाटलं.

टेम्पोपाशी परत आला तर अण्णा दुकानाच्या मागच्या दाराने येत होते, मागे हमालाच्या डोक्यावर खोकं. रंगीत.

"कितीला?" नानांनी विचारलं.

"साडेतेरा हजार," अण्णा कुणाकडे न बघता म्हणाले. "करता काय! घरात सांगून आलोय. रिकाम्या हातानं जाऊन बायकोचं तोंड कोन ऐकंल?"

अठरा टीव्हींसाठी अंथरलेल्या पाचटावर एक टीव्ही चढला. अण्णा पुढे ड्रायव्हरशेजारी बसले. जाताजाता मागे वळून म्हणाले, "कचरू, खोकं जरा मांडीवर धर. रस्ता खराब हाय." नाही म्हणायला हवं होतं. पण अण्णांनी ते इतक्या सहज सांगितलं, आणि कचरूने ते इतक्या सहज धरलं, की नाही म्हणायची वेळ कधी येऊन गेली ते कळलंच नाही. तीस किलोमीटर तो दुसऱ्याचा रंगीत टीव्ही पोटाशी धरून बसला. पाय बधिर झाले.

घोडेगावला टेम्पो थांबला तेव्हा अण्णा मागे आले. "कचरू, माझा जुना संच आता अडगळच हाय. तू ने. बाराशे दे."

भाव वाजवी होता. खरं तर स्वस्तच होता. पण कचरूच्या डोळ्यांपुढे ते भादव्यातलं दार आलं. त्याच दारामागचा टीव्ही आईपुढे ठेवायचा? "नको अण्णा," तो म्हणाला. "नवाच घीन."

"तुझी मर्जी."

स्टँडावर उतरून चालत घरी पोचायला पावणेसात वाजले. आत यशोधरा एकटी होती. तिने रिकामे हात बघितले आणि विचारलं नाही, त्यामुळे तर तो जास्तच चिडला. "आई कुठंय?"

"गेल्या. अण्णांच्याकडं. रस्त्यानं टेम्पो जाताना बघितला त्यांनी. एकच खोकं दिसलं, तवाच उठल्या. मी नको म्हनलं. तर म्हनल्या, शबुद त्यानं दिलाय, मी न्हाई. मला बातम्या बघायच्यात."

कचरू धावतच सुटला. अण्णांच्या ओसरीवर निम्मी आळी जमली होती. आत टेबलावर नवा टीव्ही, त्याला हार, कुंकू, आणि पडद्यावर नुसत्या मुंग्या. अण्णा रिमोट उलटासुलटा करत होते, गोजरबाई रागावत होती. दुकानाचा माणूस जोडून द्यायला उद्या येणार होता. जुना संच वायर गुंडाळून कोपऱ्यात जमिनीवर ठेवलेला. आणि उंबऱ्याच्या अलीकडे, पांढरं लुगडं नेसलेली आई उभी. आज पोतंही नव्हतं.

"वैनी, तो जुना लावा की जरा," ती म्हणत होती. "बातम्या लागतील आता."

"थांबा हो विमलबाई, हितं आमाला धड काय दिसंना!"

भिंतीवरच्या घड्याळात सातला पाच कमी होते. कचरूने चपला काढल्या, उंबरा ओलांडला आणि थेट आत गेला. सहा वर्षांत पहिल्यांदा.

"अण्णा, जुना संच द्या. हे बाराशे."

अण्णांनी रिमोट खाली ठेवला. दिवसभराचा सगळा कडवटपणा त्यांच्याही तोंडावर होता. "अठराशे."

"टेम्पोत बाराशे म्हनाला हुता तुमी! सगळ्यांनी ऐकलंय."

"म्हनालो हुतो. तवा घेतलास का? इसार दिलास का?"

कचरूच्या मुठी वळल्या. आता तो काय बोलला असता, काय केलं असतं, देव जाणे, पण मागून आईचा आवाज आला. "दे की रं त्यांना. भांडत काय बसलास? बातम्यांची येळ चाललीय."

त्याने अठराशे मोजले नाहीत, हाताला आल्या तेवढ्या नोटा टेबलावर टाकल्या, दोनशे जास्तच गेल्या असतील. संच खांद्यावर घेतला आणि निघाला. मागून आई, गुडघे धरत, पण चांगली चालत होती. घरी येऊन अँटेनाची वायर जोडेपर्यंत, ती उलटी जोडली म्हणून पुन्हा सोडवून जोडेपर्यंत, पत्र्यावर चढून दांडा फिरवेपर्यंत वेळ जात होता आणि खालून यशोधरा ओरडत होती, "आलं! गेलं! आलं!" तो खाली उतरला तेव्हा चित्र ठरलं होतं आणि बातम्या देणारी बाई म्हणत होती, शेवटी ठळक बातम्या पुन्हा एकदा.

पहिली दिल्लीची. दुसरी कसल्याशा पुलाची. तिसरी नागपूर. पडद्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत माणसंच माणसं, पांढऱ्या कपड्यांतली, आणि मधे एक म्हातारी हात जोडून उभी. दोन श्वास घ्यावेत एवढा वेळ. मग क्रिकेट, मग नमस्कार, मग साबणाची जाहिरात.

विमलबाई खाटेवरून पुढे वाकली होती. "परत लाव," ती म्हणाली.

"आई, ते परत लागत न्हाई."

"बटन फिरव की. आत्ता तर हुतं."

तिच्यावर खेकसावं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावी, त्याला कळेना. मग त्याच्या लक्षात आलं. दोन वर्षं आई दुसऱ्याच्या दारात बसून जे लागेल ते बघत आली होती. हे लावा, ते पुन्हा दाखवा, असं तिने तिथे कधी म्हटलंच नव्हतं. आज पहिल्यांदा ती जुना लावा म्हणाली, तर तिला थांबा म्हणून सांगितलं. सांगितल्यावर टीव्ही ऐकतो की नाही, हे तिला कळणार तरी कुठून?

"फिरव ना रं," आई म्हणाली.

कचरू टीव्हीपुढे उकिडवा बसला आणि बटण फिरवू लागला.